नाण्याचे गाव

नवा माणूस भेटला की मराठी गृहस्थ प्रथम त्याचे नाव विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो, 'आपले गाव कोणते?' गाव कळले म्हणजे माणसाची निम्मी ओळख पटली, असा आपल्याकडचा समज आहे आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. जुने नाणे हाती आले असता मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते चांदीचे की तांब्याचे, कोणत्या राजाचे, आणि मुख्यत्वेकरून त्याचे किती येतील, एवढ्यावरच विचारपूस थांबते. वस्तुतः नाण्याची अर्धी हकीकत त्याच्या अंगावर उमटलेली असते. उरलेली अर्धी ते ज्या गावी, ज्या शेतात, ज्या घरच्या डब्यात सापडले त्या जागी असते. अंगावरची अक्षरे झिजली तरी जाणता मनुष्य भिंगाखाली ती लावू शकतो. गाव विसरले गेले तर ते सांगावयास दुसरा साक्षीदार उरत नाही.

अकोल्यास मोर्णा नदीच्या पश्चिमेस जुने शहर आणि असदगडाचा किल्ला आहे. पूर्वेस नव्या काळात वाढलेल्या वस्त्या आहेत. जठारपेठ ही त्यांपैकीच एक. अशा वस्तीतील कुटुंबे मूळची बहुधा आसपासच्या तालुक्यांतली. शिक्षणाकरिता वा नोकरीकरिता ती शहरात आली, तेव्हा त्यांच्याबरोबर आजीची पेटीही आली आणि पेटीत एक लहानसा डबा आला. तो उघडला तर काय निघते? देव्हाऱ्यात पुजलेली एखादी शिवराई, लक्ष्मीपूजनापुरता बाहेर निघणारा राणीछाप रुपया, मुलाच्या करदोट्यात ओवलेला भोकाचा पैसा, चारमिनारचे चित्र असलेले निजामाचे एखादे नाणे, आणि तळाशी दोनचार नये पैसे. घरातील मंडळी या साऱ्यास 'जुना खुर्दा' म्हणतात व डबा पुन्हा मिटून ठेवतात. परंतु इतक्या निरनिराळ्या राज्यांचा खुर्दा एकाच डब्यात कसा जमला, हा प्रश्न विचारला की वऱ्हाडचा तीनशे वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो.

वऱ्हाडची भूमी काळी, कापसाची आणि चांगल्या वसुलाची. यास्तव तिच्यावर प्रत्येक सत्तेचा डोळा होता. बहमनी राज्याचा हा एक मोठा सुभा. ते राज्य फुटल्यावर येथे एलिचपूरची इमादशाही झाली. १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडविली आणि १५९६ साली चांदबिबीस हा प्रांत अकबरास द्यावा लागला. मोगलांच्या अमलात एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, टाकसाळ होती. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे गेला. पण नागपूरकर भोसल्यांनीही आपला हक्क सोडला नाही, आणि कित्येक वर्षे एकाच गावचा वसूल दोन धनी वाटून घेत. १८०३ साली अडगाव व गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला आणि वऱ्हाडातील त्यांचा भाग निजामास मिळाला. पुढे १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि १९०२ साली सालिना २५ लक्ष रुपयांच्या बोलीने तो त्यांस कायमच्या पट्ट्याने दिला.

धनी बदलला म्हणून बाजारातील नाणे त्याच दिवशी बदलत नाही. राज्य गेले तरी चांदी चांदीच राहते. त्यामुळे वऱ्हाडच्या बाजारात मोगली, नागपुरी, चांदवडी, हैदराबादी असे नाना तऱ्हेचे रुपये एकत्र फिरत. त्यांची किंमत सारखी नसे. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. आणि नाणे झिजले की ती आणखी उतरे. कोणता रुपया किती आण्यांस घ्यावयाचा हे सराफ ठरवी. तो नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके, काट्यावर तोले, प्रसंगी त्यावर आपल्या खुणेचा बारीकसा छाप मारी आणि वटावासाठी काही कापून घेई. या कपातीस 'बट्टा' म्हणत. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आज सहज बोलतो. त्या बोलण्यामागे ही सराफाची पेढी आहे. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोगही तेथलाच. सराफाची ती खूण पाहून कित्येक नवशिके संग्राहक नाणे बिघडलेले समजतात. खरे पाहता ते नाणे बाजारात फिरले, पारखले गेले आणि खरे ठरले, याचा तो दाखला होय.

चांदीचा रुपया सावकाराच्या व सरकारच्या हाती खेळे. सामान्य माणसाचा व्यवहार तांब्यावर आणि त्याहूनही खाली कवडीवर चाले. दमडी हा शब्द अकबराच्या काळचा. त्या वेळी तांब्याच्या मोठ्या नाण्यास 'दाम' म्हणत. चाळीस दामांचा एक रुपया होई आणि दामाच्या आठव्या हिश्शास 'दमडी' हे नाव होते. दाम गेला, दमडी गेली. पण 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' ही म्हण राहिली. कवडीमोल वस्तू, ढब्बू पैसा, पै न् पैचा हिशेब, सोळा आणे खरी गोष्ट, हा सारा खुर्दा चलनातून केव्हाच नाहीसा झाला असूनही मराठी बोलीत अद्याप बिनबट्ट्याने चालतो.

तांब्याच्या नाण्यांत मराठी मनास सर्वांत जवळची नाणी म्हणजे शिवराई. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि छत्रपतींच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पडू लागली. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. शिवछत्रपतींच्या पश्चातही त्यांच्याच नावाने निरनिराळ्या ठिकाणी शिवराया पाडल्या गेल्या. पेशवाई बुडाल्यावर, इंग्रजांचा पैसा आल्यावरही, एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षे मराठी मुलखातील हाटबाजारात त्या चालत राहिल्या. अक्षरांची वळणे अनेक आढळतात. कोठे 'शिव', कोठे 'सिव', कोठे 'छत्रपति', तर कोठे 'छत्रपती'. परंतु बहुतेक शिवरायांवर सालही नाही आणि टाकसाळीचे नावही नाही.

गावाचा प्रश्न येथे निकडीचा होतो. साल नाही, टाकसाळ नाही. मग अमुक वळणाची शिवराई कोठली हे ठरवावयाचे कसे? त्याला मुख्य साधन एकच. त्या वळणाच्या शिवराया कोणत्या भागात पुष्कळ सापडतात याची नोंद पाहावयाची. तांब्याचे नाणे जड आणि किमतीने हलके असल्यामुळे ते फार दूर नेणे परवडत नसे. म्हणून ते बहुधा जेथे पडले त्याच्या आसपासच फिरे. शंभर शिवरायांची शंभर गावे टिपलेली असतील तर नकाशावर टिंबे मांडून टाकसाळीचा सुगावा लागू शकतो. त्याच शंभर शिवराया तांबटाच्या मोडीतून वजनावर घेतल्या, चकचकीत घासल्या आणि पुठ्ठ्यावर ओळीने लावल्या, तर त्या दिसावयास शोभिवंत होतील. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ राहणार नाही.

काही नाणी तर समुद्रापलीकडून आली आणि दागिना होऊन राहिली. पुतळ्यांची माळ महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. ही 'पुतळी' मूळची इटलीतील व्हेनिस या शहराच्या राज्याचे सोन्याचे नाणे. ते १२८४ साली प्रथम पडले आणि १७९७ साली ते राज्य नाहीसे होईपर्यंत जवळजवळ त्याच वजनाचे व त्याच शुद्धतेचे पडत राहिले. मसाल्याच्या व कापडाच्या व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावर तेथील संत मार्क उभा असून राज्याचा प्रमुख त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला आहे. आपल्याकडील माणसांस ही मंडळी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्या आकृत्यांस पुतळ्या म्हटले, आणि पुढे सोनारांनी त्याच घडणीच्या चकत्या करताना त्यांवर रामसीता आणल्या.

१८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. १८६७ साली अकोल्यावरून जाणारी आगगाडी नागपुरास पोहोचली आणि माल मुंबईस नेणे सोपे झाले. कापूस बाहेर गेला, चांदी आत आली. ही चांदी बव्हंशी इंग्रजी रुपयाच्या रूपाने आली. १८३५ सालापासून कंपनी सरकारने सर्व मुलखाकरिता एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया ठरविला होता. वजन एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तो यंत्रावर पडत असल्यामुळे त्यास 'कलदार' म्हणत. सगळे रुपये सारखे झाल्यावर सराफाच्या बट्ट्याचा धंदा ओसरू लागला. कलदार रुपया विश्वासाचा. म्हणून तो मडक्यात पुरला गेला, सोनाराकडून गोठवाळ्यांत गेला, बंजारा स्त्रियांच्या पोशाखावर ओळीने टाकला गेला. बँका दूर होत्या. रुपया अंगावर असला की धन जवळ असे.

वाशीमच्या पलीकडे हिंगोली-परभणीच्या बाजूस निजामाचा मुलूख लागे आणि तेथे 'हाली सिक्का' चाले. सात हाली रुपयांचे सुमारे सहा कलदार होत. सरहद्दीवरील व्यापाऱ्यास, बाजारकऱ्यास आणि लेक पलीकडे दिलेल्या बापासही हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तरी हाली नाणे एकदम बंद पडले नाही. ते १९५९ साली पूर्णपणे गेले. अकोल्याच्या डब्यात चारमिनार सापडतो त्याचे रहस्य एवढेच.

इंग्रजी अमलातील नाण्यांनीही आपल्या परीने इतिहास सांगितला आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाचा रुपया निघाला. बादशहाच्या झग्यावरील माळेत हत्तीचे एक चिमुकले चित्र होते. त्याची सोंड इतकी आखूड दिसे की लोकांस तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोहोंच्याही भावना दुखावल्या. सरकारने तो रुपया मागे घेतला आणि १९१२ साली चित्र सुधारून नवा ठसा केला. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली. लोकांनी लगोलग जुने रुपये दाबून ठेवले आणि नवे खर्चिले. हलके नाणे चांगल्या नाण्यास बाजारातून हुसकते, हा अर्थशास्त्राचा सिद्धांत न शिकताच सर्वांनी आचरणात आणला. तांब्याची टंचाई झाली म्हणून १९४३ साली मध्ये मोठे भोक असलेला पैसा निघाला. १९४७ साली रुपयात चांदी मुळीच उरली नाही; तो निकेलचा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली, आणि सोळा आण्यांच्या वा चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले.

येथवरची सर्व नाणी परिचित राजांची आहेत. परंतु इतिहासाने ज्यांची नावेसुद्धा गमावली होती असे राजे एका खेड्यातील ठेव्यामुळे परत मिळाले, हे वऱ्हाडातच घडले आहे. मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळे नावाचे गाव आहे. हा भाग त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. १९९८ सालापासून तो वाशीम जिल्ह्यात मोडतो. तेथे १९३९ साली सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. तांब्यात हलक्या धातूंचा मिलाफ करून ओतलेल्या त्या लहानशा, ओबडधोबड चकत्या होत्या. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती व भोवती ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडलेले ते चिन्ह, ज्यास अभ्यासक उज्जयिनी-चिन्ह म्हणतात. मोडीत घातली असती तर त्यांचे भांडेसुद्धा धड झाले नसते.

नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी ही नाणी एकेक करून वाचली आणि १९४० साली भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ती नाणी पैठणच्या सातवाहन राजांची ठरली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावे माहितीची होती. त्यांच्याबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे आली. पुराणांत सातवाहनांच्या वंशावळी आहेत. एकीत सुमारे तीस राजे, तर दुसरीत त्याहून पुष्कळच कमी. पण ही तीन नावे त्यांत नाहीत. सतराशे वर्षे ज्यांचा कोणी उल्लेख केला नाही असे हे राजे शेतकऱ्यांच्या वापरातल्या खुर्द्यावरून ओळखीस आले.

त्यातही विशेष असा की, केवळ नावे कळून काम भागले नसते. ही नाणी तऱ्हाळ्यास सापडली, आणि सारी एकत्र सापडली, म्हणून तिसऱ्या शतकाच्या सुमारास, सातवाहनांचे मोठे राज्य मोडकळीस आले त्या काळात, या शेवटच्या राजांचा अंमल विदर्भात होता असे अनुमान बांधता आले. तीच १६०० नाणी वीस-वीसच्या पुड्या करून मुंबईच्या बाजारात विकली गेली असती तर कुंभ सातकर्णीचे नाव कदाचित वाचले गेले असते. तो वऱ्हाडचा होता हे मात्र कोणास सांगता आले नसते.

तऱ्हाळ्यासारखे साठे किती सापडले आणि किती मुशीत गेले याची गणती नाही. त्याचे एक कारण भीती हे आहे. जमिनीत धन सापडले तर सरकार सारे घेऊन जाते, वर चौकशी लागते, अशी खेड्यापाड्यांतून समजूत आहे. म्हणून रातोरात सोनार गाठला जातो. वास्तविक १८७८ सालचा निखात निधीचा कायदा इतका कठोर नाही. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. शंभर वर्षांहून जुना ठेवा असून कोणी मालक पुढे आला नाही, आणि पूर्वीचा काही करार नसला, तर सापडविणारास तीन चतुर्थांश व जमिनीच्या धन्यास एक चतुर्थांश मिळतो. सरकारने तो स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे त्यात आहे. लपविणारास मात्र शिक्षा आहे. सोनार धातूची किंमत देतो, आणि तीही घासाघीस करून. हा साधा हिशेब गावोगाव सांगितला गेला तर कित्येक ठेवे मुशीपासून वाचतील.

शहरातील सुशिक्षित घरांस निराळाच मोह आहे. अमुक चित्राचे दोन रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती दूरध्वनीवर येतात; आधी थोडे शुल्क भरावयास सांगतात, आणि शुल्क भरले की मागणी करणारा नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली प्रसिद्धिपत्रक काढून, असल्या व्यवहाराशी बँकेचा काहीही संबंध नाही, असे बजावले आहे. नाणी पाहण्याचा आनंद घेण्यास लाखांची आशा धरण्याची गरज नाही. खिशातील आजचा रुपया घ्यावा आणि सालाच्या खाली पाहावे. तेथे बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईचे, ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे, आणि पाच पाकळ्यांची चांदणी असेल तर हैदराबादचे. ही हैदराबादची टाकसाळ मूळची निजामाची. १९५० साली ती भारत सरकारकडे आली. म्हणजे ज्या टाकसाळीचा हाली सिक्का एकेकाळी सरहद्दीपलीकडून वऱ्हाडात येई, तिचीच चांदणी आज जठारपेठेतील भाजीच्या दुकानात सुट्ट्या पैशांतून परत मिळते. घरातील मुलास एवढे दाखविले तरी इतिहासाचा एक धडा होतो.

राहता राहिला तो आजीचा डबा. त्यातील नाणी चिंचेने वा राखेने घासू नयेत. मळाबरोबर अक्षरेही जातात, आणि तांब्यावर चढलेला हिरवट-काळसर थर हेच त्याचे संरक्षण असते. प्रत्येक नाणे कोऱ्या कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावे. पाकिटावर धातू लिहावी, सोनाराच्या काट्यावर वजन करून ते लिहावे. आणि ते कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणत्या साली घरात आले हे घरातील वडीलधाऱ्या माणसास विचारून शाईने लिहून ठेवावे. पहिल्या दोन गोष्टी शंभर वर्षांनंतरही कोणास करता येतील. तिसरी मात्र डब्याची हकीकत ठाऊक असलेले माणूस हयात आहे तोवरच व्हावयाची. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी येत्या सुट्टीत डबा काढून त्यांच्यापुढे ठेवावा आणि एकेक नाणे त्यांच्या हाती देऊन विचारावे, याचे गाव कोणते?